रद्दी कागद आणि टाकाऊ प्लास्टिकच्या संमिश्र फळ्या : कच्चा माल कसा निवडावा?



माजलगाव तालुक्यात सिंदफणेवरील धरणामुळे बागायती क्षेत्र वाढले. कापूस आणि ऊस यांच्या जोडीला ठिबकवरील मिरची, टोमॅटो, टरबूज ही पिके आली. या पिकांबरोबर शेतात प्लास्टिकही आले. ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर, खतांची पोती, रोपवाटिकेचे ट्रे या सर्व वस्तू दोन-चार हंगामांनंतर निकामी होतात आणि बांधावर पडून राहतात. दुसऱ्या बाजूला आडत, किराणा दुकाने, शाळा व कार्यालयांतून रद्दी कागद आणि पुठ्ठा निघतो. त्यातील स्वच्छ माल भंगारवाला नेतो, उरलेला उकिरड्यावर किंवा काडी लावून जाळण्यात जातो.

हे दोन्ही टाकाऊ पदार्थ एकत्र आणून त्यांपासून टिकाऊ फळ्या, पट्ट्या व साचेबंद वस्तू तयार करता येतात. अशा साहित्याला संमिश्र साहित्य म्हणतात. या फळ्या टिकतील की वर्षभरात फुगून तुटतील, हे फार मोठ्या प्रमाणात कच्चा माल किती निवडलेला व किती कोरडा आहे यावर ठरते. हे काम यंत्राचे नसून आपल्या अंगणातले आहे. म्हणून यंत्राची जाहिरात पाहण्याआधी कच्च्या मालाची ओळख करून घेणे फायद्याचे आहे.

संमिश्र साहित्य म्हणजे काय?

ही कल्पना आपल्याला नवी नाही. मातीच्या भिंतीला गिलावा करताना नुसती माती लावली तर वाळल्यावर तडे जातात. तीच माती गव्हाचा भुसा घालून कालवली की गिलावा धरून राहतो. यात माती हा बांधणारा पदार्थ आणि भुसा हा ताण घेणारा तंतू. एकट्याने जे जमत नाही ते दोघे मिळून करतात.

कागदाच्या बाबतीतही आपल्याकडे असाच अनुभव आहे. जुन्या टोपल्या व सुपे लिंपण्यासाठी घरातील स्त्रिया रद्दी कागद भिजवून, कुटून त्यात वाटलेली मेथी मिसळत. मेथीचा चिकटपणा कागदाच्या तंतूंना बांधून ठेवतो. दौलताबादजवळील कागझीपुरा गावात तर चिंध्या व रद्दीपासून हातकागद करण्याची जुनी परंपरा आहे. वापरलेला तंतू पुन्हा उपयोगात आणण्याची कला मराठवाड्यात पूर्वापार आहे, ती अशी.

आधुनिक संमिश्र साहित्यात मेथीच्या किंवा मातीच्या जागी वितळलेले प्लास्टिक असते. या दिशेने सुरुवात प्लास्टिकच्या जन्मापासूनच झाली. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये शोधलेल्या बेकेलाइटमध्ये लाकडाचा भुगा भरण म्हणून मिसळत असत. आपल्या घरातील टेबलावर किंवा कपाटावर असलेले सनमायका हेही कागद आणि प्लास्टिक यांचेच लग्न आहे. राळेत भिजवलेल्या जाड कागदाचे अनेक थर उष्णता व दाब देऊन एकजीव केले की तो पत्रा तयार होतो.

कागद प्लास्टिकला काय देतो?

कागद हा वनस्पतीतील सेल्युलोज या पदार्थाच्या बारीक तंतूंचा बनलेला असतो. कापसाच्या रुईतही हेच सेल्युलोज असते. हे तंतू वजनाने हलके आणि ताणाला मजबूत असतात. नुसती प्लास्टिकची फळी भाराखाली वाकते, उन्हात मऊ पडते. तिच्यात ३० ते ५० टक्के कागदी तंतू घातल्यास ती ताठ होते, कमी वाकते आणि उष्णतेने कमी प्रसरण पावते. प्लास्टिकही कमी लागते.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. तंतू वाढले की फळी ताठ होते, पण तिचा चिवटपणा कमी होतो. जोराचा फटका बसल्यास नुसते प्लास्टिक वाकून सुटेल, तेथे संमिश्र फळी तडकू शकते. अमेरिकेतील मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळेत १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जुन्या वर्तमानपत्रांचे तंतू पॉलिप्रॉपिलीनमध्ये मिसळून प्रयोग झाले. ताठपणा वाढतो आणि योग्य सांधक वापरल्यास ताकदही वाढते, हे त्यांतून स्पष्ट झाले.

सांधकाची गरज

कागदाला पाणी आवडते, प्लास्टिकला नाही. तेल आणि पाणी जसे एकमेकांत मिसळत नाहीत, तसेच कागदाचा तंतू आणि वितळलेले प्लास्टिक यांचे होते. दोन्ही एकत्र दिसतात, पण घट्ट धरत नाहीत. भार आला की तंतू प्लास्टिकमधून अलगद निसटतो.

कांद्याच्या गुळगुळीत पातीवर फवारणीचे थेंब थांबत नाहीत म्हणून आपण द्रावणात स्टिकर मिसळतो. येथेही तसेच करावे लागते. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीला मॅलेइक अॅनहायड्राइड जोडून तयार केलेला सांधक साधारण २ ते ५ टक्के मिसळतात. त्याचे एक टोक कागदाला धरते व दुसरे प्लास्टिकमध्ये मिसळून जाते. सांधकाची किंमत जास्त असल्याने काही उत्पादक तो गाळतात. अशी फळी नवी असताना चांगली दिसते, पण पहिल्याच पावसाळ्यात तिच्या कडा फुगतात.

कोणते प्लास्टिक चालते?

सेल्युलोजला उष्णतेची मर्यादा आहे. सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तंतू करपू लागतो, तपकिरी होतो व त्याची ताकद जाते. म्हणून त्याच्या आत वितळणारे प्लास्टिकच कागदाबरोबर चालते. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक २५० अंशांच्या पुढे वितळते, तोपर्यंत कागद जळून जाईल. त्यामुळे कितीही बाटल्या मिळाल्या तरी त्या या कामाच्या नाहीत. त्यांचा वेगळा बाजार आहे, तेथेच त्या द्याव्यात.

तक्ता क्र. १ : शेतावरील प्लास्टिक व त्याची उपयुक्तता

१) ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर, पोत्यातील आतील पिशवी : कमी घनतेचे पॉलिथिलीन. खूण क्रमांक ४. वितळण्याचे तापमान सुमारे १०५ ते १२५ अंश. पाण्यात तरंगते. उपयुक्त.

२) पाण्याचे कॅन, जाड डबे, काही विणलेली पोती : जास्त घनतेचे पॉलिथिलीन. खूण क्रमांक २. सुमारे १३० ते १३५ अंश. पाण्यात तरंगते. उपयुक्त.

३) खत व धान्याची बहुतेक विणलेली पोती, प्लास्टिकची दोरी : पॉलिप्रॉपिलीन. खूण क्रमांक ५. सुमारे १६० ते १६५ अंश. पाण्यात तरंगते. उत्तम.

४) पाइपलाइनचे पांढरे किंवा करडे पाइप : पीव्हीसी. खूण क्रमांक ३. पाण्यात बुडते. या कामासाठी वर्ज्य.

५) पाण्याच्या व शीतपेयाच्या बाटल्या : पेट. खूण क्रमांक १. २५० ते २६० अंश. पाण्यात बुडते. या कामासाठी वर्ज्य.

खूण क्रमांक म्हणजे वस्तूच्या तळाशी त्रिकोणात छापलेला आकडा. आकडा पुसला असेल तर पाण्याची चाचणी करावी. नखाएवढा तुकडा कापून साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडावा. साबण यासाठी की हवेचे बुडबुडे तुकड्याला चिकटून राहू नयेत. पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन वर येतात, पीव्हीसी व पेट तळाशी जातात. काही वस्तूंत खडूची भुकटी जास्त मिसळलेली असते, त्या चालणाऱ्या प्लास्टिकच्या असूनही बुडतात. अशा वस्तूही बाजूलाच ठेवाव्यात. प्लास्टिक ओळखण्यासाठी ते जाळून वास घेण्याची पद्धत मात्र पूर्णपणे टाळावी. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो. तो डोळे व फुप्फुसांना घातक आहे.

पीव्हीसीचा एखादा तुकडा चुकून मिश्रणात गेला तरी तापल्यावर हेच आम्ल सुटते. ते कागदाचा तंतू कमकुवत करते आणि यंत्राचे लोखंड खाते. म्हणून पाइपाचे तुकडे आणि ठिबकच्या नळ्या एका पोत्यात कधीही भरू नयेत.

कोणता कागद चांगला?

नावामुळे होणारा एक गोंधळ प्रथम दूर करू. आपण ज्याला मल्चिंग पेपर म्हणतो तो कागद नसून प्लास्टिकची फिल्म आहे. तो प्लास्टिकच्या ढिगात जातो. खऱ्या कागदाचे या कामाच्या दृष्टीने पुढील प्रकार पडतात.

पुठ्ठ्याची खोकी : तंतू तुलनेने लांब व मजबूत. टेप, पिना व प्लास्टिकची पट्टी काढून घ्यावी.

वर्तमानपत्र : तंतू आखूड, पण भरपूर मिळते आणि सहज सुटे होते. त्यात लाकडातील लिग्निन राहिलेले असते, म्हणूनच वर्तमानपत्र उन्हात पिवळे पडते. त्यापासूनच्या फळीचा रंगही बदलतो, परंतु रंग मिसळून किंवा आतील कामासाठी वापरून हे टाळता येते.

वह्या व कार्यालयीन कागद : तंतू चांगला असतो, पण पांढरेपणासाठी खडूसारखी खनिज भुकटी मिसळलेली असते. थोड्या प्रमाणात चालतो.

गुळगुळीत मासिके व जाहिरातपत्रे : वर मातीचा लेप असतो. वजन भरते, तंतू कमी मिळतो. शक्यतो टाळावे.

तेलकट, शेणाने भरलेला, बुरशी आलेला कागद : घेऊ नये. तो कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावा. त्यातील टेप व प्लास्टिक मात्र आधी काढावे.

कागदापासून पुन्हा कागद करताना प्रत्येक वेळी तंतू तुटून आखूड होतो. साधारण पाच-सात फेऱ्यांनंतर त्यापासून चांगला कागद होत नाही. संमिश्र साहित्यात मात्र आखूड तंतूही चालतो. म्हणून चांगली रद्दी कागद कारखान्याला द्यावी आणि कमी प्रतीची, पण कोरडी व स्वच्छ रद्दी या कामासाठी ठेवावी. दोन्ही ठिकाणी योग्य मोल मिळते.

ओलावा : या कामातील मुख्य शत्रू

हाताला कोरडा लागणारा कागदही पूर्ण कोरडा नसतो. हवेतील दमटपणाप्रमाणे त्यात साधारण ६ ते १० टक्के पाणी असते. हे पाणी किती घात करते ते एका हिशोबाने पाहू.

समजा, १०० किलो मिश्रण करावयाचे आहे. त्यात ४० किलो कोरडा तंतू, ५७ किलो प्लास्टिक व ३ किलो सांधक हवा. कागदात ८ टक्के ओलावा असेल तर ४० किलो कोरड्या तंतूसाठी सुमारे ४३.५ किलो कागद घ्यावा लागेल. म्हणजे ३.५ किलो पाणी मिश्रणात शिरले. यंत्रात १७० अंशांवर या पाण्याची वाफ होते. एक किलो पाण्याची वाफ साध्या दाबाखाली सुमारे १,७०० लिटर जागा व्यापते. ३.५ किलो पाण्याची झाली जवळपास ६,००० लिटर, म्हणजे २०० लिटरचे ३० बॅरल. ज्या मिश्रणाचे स्वतःचे आकारमान शंभर लिटरसुद्धा नाही, त्यात एवढी वाफ कोंडते. ती बाहेर पडली नाही तर फळीत पोकळ्या राहतात. याच पोकळ्यांतून पुढे पावसाचे पाणी आत शिरते आणि फळी फुगते.

म्हणून कारखान्यात तंतू वाळवून ओलावा १ ते २ टक्क्यांपर्यंत खाली आणतात. आपल्याकडून गेलेला कागद जितका कोरडा, तितका त्यांचा वाळवण्याचा खर्च कमी. आपल्या भागात मार्च ते मेमधील कोरडे ऊन फुकटचे वाळवणयंत्र आहे. या दिवसांत कागद पसरून वाळवावा व सायंकाळी गार पडण्यापूर्वी गठ्ठे बांधून प्लास्टिकच्या पोत्यात भरून तोंड बंद करावे. पावसाळ्यात गोळा झालेली रद्दी तशीच न पाठवता उन्हाळ्यापर्यंत कोरड्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच ठेवावी.

कारखान्यातील कृती थोडक्यात

१) कागदाचे तुकडे करून दळणे व तंतू सुटे करणे.
२) प्लास्टिक धुणे, वाळवणे, कापून दाणे करणे.
३) तंतू वाळवणे.
४) तंतू, प्लास्टिक व सांधक गरम स्क्रूच्या यंत्रात मिसळणे. तापमान साधारण १७० ते १९० अंश.
५) मिश्रण साच्यातून दाबून पट्टी काढणे किंवा दोन तापलेल्या पाट्यांमध्ये दाबून फळी करणे.
६) दाबाखालीच थंड करणे. घाई करून गरम फळी काढली तर ती वेडीवाकडी होते.

यातील कोणतेही काम घरी कढईत किंवा पत्र्याच्या डब्यात प्लास्टिक वितळवून करू नये. उघड्यावर वितळवताना तापमान ताब्यात राहत नाही, विषारी धूर होतो आणि वितळलेले प्लास्टिक अंगावर उडाल्यास खोल भाजते.

एक चालू उदाहरण

फळांचा रस व दूध ज्या कागदी डब्यांत मिळते, त्या डब्यात वजनाने सुमारे ७५ टक्के कागद, २० टक्के पॉलिथिलीन व ५ टक्के अॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असतो. म्हणजे कागद आणि प्लास्टिक एकत्रच असतात. हे डबे बारीक कापून तापलेल्या पाट्यांत दाबले की त्यातील पॉलिथिलीन वितळून कागदाला बांधते. वेगळा डिंक लागत नाही. मुंबई परिसरात असे रिकामे डबे गोळा करून त्यांच्या फळ्या व त्या फळ्यांपासून शाळेची बाके तयार केली गेली आहेत.

या उदाहरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, लोकांनी डबे धुऊन, चपटे करून, वेगळे दिले म्हणूनच बाके होऊ शकली. दुसरी, या फळ्यांत कागदाचे प्रमाण फार जास्त असल्याने त्या छताखालच्या वापरासाठी योग्य आहेत. शेतात उघड्यावर ठेवण्यासाठी कमी कागदाची व सांधक घातलेली फळी घ्यावी.

गावपातळीवर काय करावे?

संमिश्र फळ्यांच्या पूर्ण कारखान्याला दळणयंत्र, धुलाई, वाळवण, मिश्रणाचा स्क्रू व दाबयंत्र अशी साखळी आणि अखंड वीज लागते. एकट्या शेतकऱ्याने कर्ज काढून यापैकी एखादेच यंत्र घेऊ नये. गावाने किंवा गटाने सुरुवात संकलन, निवड आणि वाळवण यांपासून करावी. महिला बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा ग्रामपंचायत यांना हे काम जमण्यासारखे आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियान (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्राची तरतूद आहे. त्याबाबत पंचायत समितीत चौकशी करावी.

संकलन करताना पुढील काळजी घ्यावी.

१) मल्चिंग पेपर काढण्याची वेळ साधावी. आपली काळी जमीन ओली असताना फिल्मला चिकटते. रान वाफशावरून पुढे सुकल्यावर, फिल्म ओढून न फाडता गुंडाळत काढावी व झटकावी. मातीचे कण यंत्राचा स्क्रू झिजवतात आणि फळीत कच्ची जागा निर्माण करतात.

२) ठिबकच्या नळ्यांतून जोडण्या, टोप्या व वायर काढून टाकाव्यात. नळ्या हातभर तुकडे करून बांधाव्यात. या नळ्यांत काजळी मिसळलेली असते. ती प्लास्टिकचे उन्हापासून रक्षण करते, म्हणून बाहेर वापरायच्या फळ्यांसाठी हा माल चांगला.

३) खताची पोती उलटी करून झटकावीत, धुवावीत व वाळवावीत. खताचे क्षार हवेतील ओल ओढून घेतात.

४) चार पोती वेगवेगळी ठेवावीत : नळ्या व फिल्म, विणलेली पोती, पुठ्ठा, वर्तमानपत्र. पाचव्या पोत्यात पीव्हीसी व इतर नको असलेला माल.

५) देण्यापूर्वी खरेदीदाराला नमुना दाखवावा व दर ओलावा आणि माती वजा करून की सरसकट, हे लिहून घ्यावे. समजा १०० किलो फिल्ममध्ये ४० किलो माती असेल, तर वाहतूक १०० किलोची भरावी लागते आणि मोल ६० किलोचे मिळते. झटकण्याची एका दिवसाची मजुरी येथेच वसूल होते.

कीटकनाशकांचे डबे यात नकोत

कीटकनाशक व तणनाशकांचे डबे बहुधा जास्त घनतेच्या पॉलिथिलीनचे असतात आणि पाण्यात तरंगतात. वरील चाचणीत ते उपयुक्त ठरतील, तरीही ते या ढिगात कदापि टाकू नयेत. प्लास्टिक औषधाचा काही अंश शोषून घेते. असा डबा दळणाऱ्या, धुणाऱ्या व तापवणाऱ्या माणसाच्या अंगाशी ते विष येते. बचत गटातील स्त्रिया हाताने निवड करणार असतील तर हा धोका थेट त्यांच्या हाताला आहे.

फवारणीच्या वेळीच डबा तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतावे. नंतर डब्याला भोके पाडावीत, म्हणजे तो कोणी पाणी किंवा तेल ठेवायला नेणार नाही. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार असे डबे पुन्हा वापरात येतील अशा रीतीने उघड्यावर टाकता येत नाहीत. ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत आणि पाणी दूषित होणार नाही याची काळजी घ्यावी, असे त्यात सांगितले आहे.

फळी विकत घेताना घरच्या घरी परीक्षा

अ) पाण्याची परीक्षा : फळीचा हातभर तुकडा मागून घ्यावा. त्याचे वजन व जाडी मोजावी. २४ तास पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावा. बाहेर काढून पुसून पुन्हा मोजावे. समजा, वजन ५०० ग्रॅमचे ५१० ग्रॅम झाले, तर वाढ २ टक्के झाली. ५ टक्क्यांच्या पुढे वाढ गेल्यास किंवा कड हाताला फुगलेली लागल्यास ती फळी उघड्यावर वापरू नये.

आ) भाराची परीक्षा : फळी दोन विटांवर ६० सें.मी. अंतर ठेवून आडवी ठेवावी. वर युरियाची ४५ किलोची दोन पोती ठेवावीत. दोरी ताणून मध्यभागी किती बाक आला ते लगेच मोजावे. आठ दिवसांनी पुन्हा मोजावे. संमिश्र फळी सतत भाराखाली हळूहळू वाकत जाते. बाक रोज वाढतच असेल तर टेकू जवळजवळ द्यावेत किंवा जाड फळी घ्यावी. ही परीक्षा उन्हाळ्यात केल्यास खरा अंदाज येतो.

इ) कापलेली कड पाहावी : पांढरे कागदाचे गोळे, बारीक पोकळ्या किंवा मातीचे खडे दिसल्यास माल नीट मिसळलेला नाही असे समजावे.

कोठे वापरावी, कोठे नको?

खत, बी-बियाणे व धान्याच्या थप्पीखालची मांडणी, रोपवाटिकेतील टेबलाच्या पट्ट्या, गोदामातील आडभिंत, पंपघरातील मांडणी, बसण्याचे बाक यांसाठी ही फळी योग्य आहे. लाकडापेक्षा तिला वाळवी कमी लागते व रंग काढावा लागत नाही. खिळा ठोकण्याऐवजी आधी भोक पाडून स्क्रू वापरावा. उन्हात फळी लांबते, म्हणून ८ फुटी दोन फळ्यांमध्ये ५ ते ६ मि.मी. फट ठेवावी. कापलेल्या कडांवर रंगाचा हात द्यावा, कारण पाणी बहुतेक कडेतूनच शिरते.

घराचे आढे, तुळई, माणसे चढतील असा माळा, चुलीजवळची जागा यांसाठी ही फळी वापरू नये. कागद व प्लास्टिक दोन्ही पेट घेतात. टाकाऊ मालापासून केलेल्या फळीवर किंवा भांड्यात उघडे धान्य, पीठ, दूध, जनावरांचे आंबोण ठेवू नये. छपाईची शाई व जुन्या प्लास्टिकमधील घटक अन्नात उतरण्याचा धोका असतो.

कागद कमी पडल्यास पऱ्हाटी

आपल्या तालुक्यात कागदापेक्षा पऱ्हाटी कितीतरी जास्त आहे. कपाशीच्या एका हेक्टरमधून साधारण २ ते ३ टन वाळलेली पऱ्हाटी निघते. तिचा तंतू लाकडाच्या जवळचा आहे. मुंबईतील माटुंगा येथील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने (स्थापना १९२४) पऱ्हाटीपासून दाबफळी करण्याची पद्धत विकसित केली आहे. त्यात पऱ्हाटीचे तुकडे करून, वाळवून, राळ मिसळून गरम दाबाखाली फळी करतात. पऱ्हाटीचा बारीक भुगा कागदी तंतूबरोबर प्लास्टिकमध्येही भरता येतो. नियम तेच, कोरडा आणि स्वच्छ.

पऱ्हाटी लवकर हलवण्याचा एक लाभ शेतालाही आहे. २०१७-१८ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपल्या भागात किती नुकसान केले ते आपण विसरलेलो नाही. बांधावर रचलेल्या पऱ्हाटीतील किडक्या बोंडांत ही अळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात बाहेर पडते. फरदड न घेता, शेवटची वेचणी होताच पऱ्हाटी उपटून तिचा भुगा केला तर कच्चा माल मिळतो आणि किडीचा मुक्कामही मोडतो. भुगा होईपर्यंत ती बांधावर साठवली तर मात्र दुसरा लाभ हातचा जातो.

सारांश

१) कागद ताठपणा देतो, प्लास्टिक बांधते व पाण्यापासून राखते, सांधक दोघांना जोडतो. तिन्हींपैकी एक कमी पडले तरी फळी फसते.
२) पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन घ्यावे. पीव्हीसी व पाण्याच्या बाटल्या बाजूला ठेवाव्यात.
३) कीटकनाशकांचे डबे कोणत्याही परिस्थितीत मिसळू नयेत.
४) कागद उन्हाळ्यात वाळवून तोंडबंद पोत्यात ठेवावा. मल्चिंग पेपर सुक्या रानातून काढून झटकावा.
५) यंत्र घेण्यापूर्वी गटाने एक हंगाम संकलन व निवड करून पाहावी. किती माल, किती प्रतीचा आणि कोणत्या महिन्यात निघतो याची नोंद ठेवावी. ही नोंदवही हातात असेल तरच खरेदीदाराशी किंवा बँकेशी बोलणी करण्यात अर्थ आहे.

येत्या उन्हाळ्यात मल्चिंग पेपर व जुन्या नळ्या काढताना बांधावर काडी लावण्यापूर्वी चार पोती मांडून पाहावीत. निवडीला लागणारा वेळ आणि निघालेला माल यांचा हिशोब पहिल्याच आठवड्यात आपल्या हाती येईल.